पाण्यातला मार

"ही खुर्ची कुणाची नाही ना, बाई?" एवढं विचारून त्या माणसानं मॉडच्या तोंडाकडे सरळ पाहिलं, हसला, आणि उत्तराची वाट न बघता खुर्ची उचलून शेजारच्या टेबलापाशी घेऊन गेला. न पाहता नेली असती तर एक वेळ चाललं असतं. शनिवारची दुपार होती, बाहेर मँचेस्टरचं पिवळट धुकं उतरलं होतं, चहाच्या दुकानात ओल्या लोकरी कोटांचा वास कोंदला होता आणि रिकामी खुर्ची जो तो शोधत होता. त्यात विशेष काही नव्हतं. पण खुर्ची नेणारा लायोनेल थ्रेलफॉल होता. प्रोफेसर थ्रेलफॉल. त्याच्या हाताखाली मॉड केर्शॉनं रेडियमच्या इस्पितळाच्या तळघरात आपली उमेदीची सगळी वर्षं घातली होती, आणि त्यानंच एका सकाळी तिला तिथून काढून टाकलं होतं. तिनं कप बशीवर आदळला. पलीकडच्या म्हातारीनं वळून पाहिलं. थ्रेलफॉलनं पाहिलं नाही.

ही भेट तिनं इतक्या तऱ्हांनी रंगवली होती की खरी भेट झाली तेव्हा तिला ती ओळखूच येईना. कधी ट्रामच्या वरच्या मजल्यावर, कधी कुणाच्या दफनाला, कधी रेल्वेच्या प्रतीक्षागृहात तो तिला भेटायचा. दर वेळी तो दचकायचा. कधी टोपी काढून पुटपुटायचा, कधी तोंड चुकवून पळायचा, एकदा तर, ती तापात पडली होती तेव्हा, तो चक्क रडला होता. दर वेळी तिच्याजवळ एक वाक्य तयार असायचं, आणि ते ती भाजी चिरताना, बसची वाट पाहताना घासूनपुसून धारदार करायची. पण तो आपल्याला ओळखणारच नाही हे तिच्या कधी मनातसुद्धा आलं नव्हतं. माणसानं डूख धरावा, वर्षानुवर्षं पोसावा, आणि ज्याच्यासाठी पोसला त्यानं हसून खुर्ची मागावी! तो तिला पाण्यात पाहत होता असंही नाही. तो तिला पाहतच नव्हता. केस पिकले होते तिचे, खरं आहे, गालफडं बसली होती, पण त्याचे काय कमी पिकले होते? तिला तर तो नुसत्या मानेवरून ओळखता आला असता. त्या मानेकडे ती आता बघत बसली. कॉलरच्या वर तांबूस, दोन वळ्यांची, नुकतीच न्हाव्याकडून आलेली मान. आपल्याला इतका राग येऊ शकतो याचं तिला बरं वाटलं.

त्याच्यासमोर एक मुलगी बसली होती. चोविसाची असेल, ओठांना नवी लाली, हातांना मात्र प्रयोगशाळेतल्या आम्लाचे पिवळे डाग. साखर अजून रेशनवर मिळत होती, तरी थ्रेलफॉलनं आपला साखरेचा खडा तिच्या बशीत टाकला.

"खा, खा, लाजू नकोस, थेल्मा. गुरुवारी तुझे तक्ते भिंतीवर लागणार आहेत. लंडनहून माणसं येतायत."

"मला तर झोपच लागत नाही, सर. एवढीशी चिमूटभर पावडर, आणि किरणांचा एवढा मार अडवते? माझं मलाच खरं वाटत नाही."

"आपल्याला खरं वाटतं की नाही याच्याशी निसर्गाला काय देणंघेणं, पोरी? उन्हाळ्याच्या आत कॅन्सरच्या वॉर्डातल्या बायकांना किरणांच्या आधी ही पावडर द्यायला लागू आपण. मग बघ."

"नळ्या मी अगदी तुम्ही शिकवल्या तशाच वाळवते हं. शेवटी स्पिरिट फिरवायचं, मग हवा मारायची. नाहीतर पावडर काचेला चिकटून बसते."

"शाबास. आणि नुसत्या पाण्याच्या?"

"त्या भट्टीतून येतात तशाच घेते. त्यांत पावडर घालायची नसते ना, मग कशाला उगाच स्पिरिट नासायचं?"

"घरची काटकसरी दिसतेस," थ्रेलफॉल म्हणाला आणि दोघं हसली.

मॉडनं कप खाली ठेवला. हळूहळू, गरम पाण्यात पाय सोडल्यावर वाटतं तसं, तिच्या अंगभर सुख पसरलं. तिला सगळं कळलं होतं. शनिवारच्या त्या गजबजलेल्या दुकानात, केकचे तुकडे आणि छत्र्यांच्या मधोमध, देवानं तिच्या पुढ्यात त्या माणसाची मान आणून ठेवली होती आणि वर सुरीही दिली होती.

कारण हे तिच्याशिवाय कुणाला कळणार होतं? त्या तळघरात तिनं हेच तर केलं होतं. डुकराच्या स्वादुपिंडातून काढलेला एन्झाइम पाण्यात विरघळवायचा, अगदी पातळ, की पाणी चाखलं तरी जीभ फसावी. मग ती नळी क्ष-किरणांखाली धरायची. मग त्यातले थेंब दुधात सोडायचे. धडधाकट एन्झाइम दूध खाऊन टाकतो, पांढरं दूध बघता बघता निवळतं, नळीमागे धरलेलं वर्तमानपत्र वाचता येतं. किरणांनी मेलेला एन्झाइम काही करत नाही, दूध आपलं दूधच राहतं. किती वेळात अक्षरं दिसली यावरून किती मेले आणि किती जगले ते काढायचं. सगळे समजत की किरण एन्झाइमवर जाऊन आदळतात, गोळी लागावी तसे. असं नसणार, हे सगळ्यांच्या आधी मॉडला सुचलं होतं. एवढ्या पाण्यात एन्झाइम तो केवढा! ओढ्यात पडलेला एखादा तांदळाचा दाणा. किरण लागतो तो पाण्याला. पाणी फुटतं, आणि ते फुटलेले पाण्याचे तुकडे पिसाळतात, डोळ्याचं पातं लवायच्या आत समोर येईल त्याचा चावा घेतात. एन्झाइम मरतो तो आपल्या शेजाऱ्याच्या हातून. आणि पाण्यात दुसरं काही असेल, साखर, साबणाचा अंश, बोटाची चरबी, तर ते पिसाळलेले तुकडे आधी त्यावर तुटून पडतात आणि एन्झाइम सुखरूप राहतो. म्हणून तर तिथं स्वच्छतेचं सोवळं होतं. नळ्या जळजळीत आम्लात बुडवायच्या, तीनदा वाफ करून थंड केलेल्या पाण्यानं धुवायच्या, भट्टीत वाळवायच्या, तोंडाकडून हात लावायचा नाही. स्पिरिटचा नुसता वास नळीत राहिला तरी तो एन्झाइमची ढाल होतो. थ्रेलफॉलची चमत्कारी पावडर म्हणजे नळीच्या काचेला राहिलेलं स्पिरिट होतं. पावडर घातलेल्या सगळ्या नळ्या स्पिरिटनं वाळवलेल्या, आणि ज्यांच्याशी ताडून बघायचं त्या भट्टीतल्या. वॉर्डातल्या त्या बायकांना आता शिंपल्यांचा चुरा दिला असता तरी तेवढाच गुण आला असता.

आणि हीच गंमत होती, जी आठवली की ती अजून दातओठ खायची. तिला कामावरून काढलं ते याच स्पिरिटपायी. लढाईची शेवटची वर्षं, कोळसा वाचवा म्हणून संध्याकाळी भट्टी बंद. कधी आकडे सुतासारखे सरळ यायचे, कधी वाटेल तसे उड्या मारायचे. एक दिवस एन्झाइम पटापट मरायचा, दुसऱ्या दिवशी त्याच किरणांखाली खुशाल जगायचा. तिनं पाणी बदललं, डुक्कर बदललं, दूध बदललं. रडली, पुन्हा केलं. थ्रेलफॉल मागून येऊन खांद्यावर हात ठेवायचा. "मॉड, मी तुझ्या नळ्या वाळवून ठेवल्यात हं, उद्या सकाळी तुला थांबायला नको," म्हणायचा. तेवढा प्रेमळ होता तो. ज्या रात्री तो असा प्रेमळ व्हायचा त्याच्या दुसऱ्या दिवशी आकडे उड्या मारायचे, हे तिला तेव्हा सुचलं नाही. सुचलं ते फार उशिरा, चामड्याच्या कारखान्यात, एका पोऱ्यानं बाटल्या स्पिरिटनं खंगाळलेल्या तिनं पाहिल्या तेव्हा. भट्टी बंद असताना थ्रेलफॉल तिच्या नळ्या कशानं वाळवत होता ते तिला तेव्हा कळलं. पण त्याआधीच थ्रेलफॉलनं समितीपुढे म्हटलं होतं की मिस केर्शॉ कष्टाळू आहेत, पण हाताला स्थिरता नाही, आणि आता मुलं लढाईवरून परत येतायत, तर... पुढचं वाक्य त्यानं पुरं केलं नाही. समितीनं केलं. वर्षाच्या आत तिची पाण्यातल्या माराची कल्पना शास्त्राच्या एका मासिकात त्याच्या नावावर छापून आली. मॉडनं तो अंक वाचनालयात उभ्यानं वाचला आणि घरी जाऊन बहिणीनं केलेलं बटाट्याचं कालवण खाल्लं. दुसरं काय करणार होती?

आताही ती एन्झाइमच बघत होती म्हणा. कालव्याकाठच्या कारखान्यात कातडी कमावायच्या आधी ती स्वादुपिंडाच्या पाण्यात भिजत घालतात, मऊ पडायला. त्या पाण्यात दम किती आहे हे पाहणं तिचं काम. एन्झाइम तोच, डुक्करंही बहुधा त्याच कसाईखान्यातली. फक्त वास निराळा. तो केसांत बसायचा, उशीत बसायचा. ट्रामवर बायका हळूच सरकून बसत. सुरुवातीला ती लव्हेंडरचं पाणी लावायची, मग सोडून दिलं. नाकाला सवय होते, पण माणसांच्या सरकण्याची होत नाही.

तिची मोठी बहीण ॲडा विधवा होती आणि दोघी एकत्र राहत. मॉडनं घरी येऊन सगळं सांगितलं तेव्हा ॲडा चुलीवरची किटली उतरवत होती.

"ओळखलं नाही म्हणजे? आंधळा झालाय का मेला?"

"नाही. चांगला सरळ बघून हसला."

"मग तू काय केलंस?"

"काही नाही. चहा प्याले. पण आता करणार आहे. गुरुवारी भर सभेत उठून विचारणार आहे, नळ्या कशानं वाळवता म्हणून. बस्स, एवढंच."

ॲडानं किटली ठेवली आणि ती मॉडकडे बघत राहिली. "अगं, त्यापेक्षा चार ओळी लिहून टाक त्याला. सभेच्या आधी मागे घेईल. बायाबापड्यांना औषध द्यायचंय म्हणतेस ना?"

"तेवढ्यासाठीच तर विचारायचं."

"तेवढ्यासाठी? हे मला सांगतेस? लहानपणी तुझी बाहुली मोडली म्हणून शेजारच्या नेलीची वेणी तू इस्टरपर्यंत थांबून कापलीस, ती मी विसरले नाहीये. सुंभ जळेल, पण तुझा पीळ जायचा नाही." मग चहा ओतता ओतता म्हणाली, "आणि त्याच्यासोबत कोण होतं?"

"होतं कुणीतरी," मॉड म्हणाली.

ते चार-पाच दिवस तिनं असे घालवले की तसे दिवस तिच्या वाट्याला कितीतरी वर्षांत आले नव्हते. भूक लागत होती. कातड्यांच्या हौदावर वाकून ती चक्क गुणगुणत होती, आणि मुकादम म्हणाला, "काय मिस केर्शॉ, कुणी मागणी घातली की काय?" तिनंही हसून सांगितलं, "हो, गुरुवारी साखरपुडा." प्रश्न तिनं पंचवीस तऱ्हांनी विचारून पाहिला. आधी फार लांब होता, त्यात तिचं सगळं गाऱ्हाणं होतं, तळघर, समिती, अंक. मग तिनं एकेक शब्द काढून टाकला, नळी धुवावी तसा. शेवटी उरलं ते इतकं साधं होतं की शाळेतल्या पोरानं विचारावं. प्रोफेसर, आपण नळ्या कशा वाळवता? त्याचा चेहरा तिला दिसत होता. आधी हसेल, मग थांबेल, मग त्याला तळघरातल्या त्या संध्याकाळी आठवतील, त्याच्या हातातली स्पिरिटची बाटली आठवेल, आणि मग, त्या बाटलीच्या मागोमाग, ती आठवेल. हेच तिला हवं होतं. तो बुडाला पाहिजे हे तर होतंच, पण बुडताना त्यानं वर पाहिलं पाहिजे आणि काठावर कोण उभं आहे ते त्याला दिसलं पाहिजे. वॉर्डातल्या बायका तिला मधूनमधून आठवत, प्रार्थनेत दूरच्या नातलगांची नावं घ्यावीत तशा. एकदा बसमध्ये तिच्या शेजारी गळ्याला पट्टी बांधलेली बाई बसली, किरणांची जळकी लाली पट्टीखालून दिसत होती, ती बाई काही सरकली नाही, उलट आपल्या पिशवीतली आल्याची वडी पुढे करून म्हणाली, "घ्या हो, गार पडलंय." मॉडनं वडी घेतली. आजच चार ओळी लिहाव्यात असं तिला त्या क्षणी मनापासून वाटलं. घरी पोचेपर्यंत ते वाटणं ओसरलं, आणि गुरुवार तर दोन दिवसांवर आला होता. दोन दिवसांत कोण मरतंय, असं ती स्वतःशी म्हणाली.

गुरुवारी शास्त्र मंडळाच्या सभागृहात ती मागून तिसऱ्या रांगेत बसली; तिथली व्याख्यानं सगळ्यांना खुली असत. ॲडाचा काळा कोट घातला होता, त्याला फक्त डांबरगोळ्यांचा वास होता. मंडळाची माणसं वर्षानुवर्षं त्याच खुर्च्यांवर बसून त्याच खोकल्यानं खोकत होती. कुणी तिला ओळखलं नाही. तक्ते भिंतीवर होते, लाल आणि निळ्या शाईत, सुरेख अक्षरात. लाल रेघ खाली कोसळत गेलेली, पावडरीची निळी रेघ मात्र वरच्या वर, सपाट. सुरेख काढले होते, हे मॉडलाही कबूल करावं लागलं. थ्रेलफॉल नेहमीसारखा बोलला, म्हणजे चांगला बोलला. मधे एकदा त्यानं पाण्यातल्या माराची गोष्ट सांगितली, ओढा आणि एक दाणा, अगदी तिच्याच शब्दांत, फक्त तांदळाच्या जागी त्यानं जव घातला. मॉडचे कान तापले. लंडनचा पाहुणा पुढे वाकून ऐकत होता. टाळ्या झाल्या. अध्यक्षांनी विचारलं, कुणाला काही शंका? मॉड उभी राहिली. आवाज तिचा तिलाच ओळखू येऊ नये इतका निर्मळ निघाला.

"प्रोफेसर, आपण नळ्या कशा वाळवता?"

कुणीतरी हसलं. थ्रेलफॉलही हसला. "नळ्या? बाई, आता या वयात नळ्या मी धूत नाही. थेल्मा, ऊठ पोरी. सांग त्यांना, आपण नळ्या कशा वाळवतो."

पहिल्या रांगेतून ती मुलगी उठली. आज तिनं हिरवा झगा घातला होता, नवाच असावा. ती मागे वळली आणि पाठ केलेलं सांगावं तसं, थोड्या अभिमानानं, सांगू लागली. आम्ल. पाणी तीनदा. साध्या नळ्या भट्टीत. पावडरच्या नळ्यांना मात्र शेवटी स्पिरिट... आणि तिथं ती थांबली. तो शब्द तिच्या तोंडात राहिला आणि तिच्या चेहऱ्यावरून रंग उतरत गेला, वरून खाली. हुशार होती. सभागृहात सगळ्यांच्या आधी तिला कळलं. मग लंडनच्या पाहुण्याला कळलं, त्यानं मागे टेकून डोळ्यांवरचा चष्मा काढला. मग थ्रेलफॉलला कळलं. मॉड त्याच्याकडे टक लावून बघत होती. आता, आता, असं ती मनात म्हणत होती. त्यानं भिंतीवरच्या निळ्या रेघेकडे पाहिलं, टेबलावरच्या आपल्या हातांकडे पाहिलं, आणि मग मान वर करून तो बोलला.

"सद्गृहस्थहो, मला हे आत्ता, तुमच्यासमोर कळतंय. फक्त पावडरीच्या नळ्यांना स्पिरिट लावलं जात होतं, साध्यांना नाही. म्हणजे हे सगळे आकडे कचऱ्यात गेले. प्रयोगशाळेतल्या प्रत्येक नळीवर प्रोफेसरचा डोळा असू शकत नाही. तरुण हातांना घाई असते, काटकसरीची हौस असते. पण नाव माझं आहे तर चूकही माझीच. मी हे काम इथल्या इथं मागे घेतो. वॉर्डात काहीही दिलं जाणार नाही. आणि या बाईंचा मी ऋणी आहे."

आणि टाळ्या सुरू झाल्या. व्याख्यानाला झाल्या त्याहून मोठ्या. माणसं उठून उभी राहत होती. केवढं मन, केवढा सच्चेपणा, असं मॉडच्या पुढचा टकल्या आपल्या शेजाऱ्याला सांगत होता. लंडनचा पाहुणा जाऊन थ्रेलफॉलचा हात हातात घेऊन हलवत होता. मॉड ओरडली, "तिला हे शिकवलं कुणी ते विचारा!" पण अध्यक्ष घंटी वाजवत म्हणाले, "बाई, एका वेळी एकच प्रश्न," आणि लोक हसले, प्रेमानं हसले, कारण आजची ती लाडकी होती. पहिल्या रांगेत हिरवा झगा अजून उभाच होता. तिला खाली बसायला कुणी सांगितलंच नव्हतं. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात ते हेच, आणि फाशीचा दोर वळला होता मॉडनं, पाच दिवस बसून, गाणी म्हणत.

बाहेरच्या दालनात थ्रेलफॉल तिच्याकडे चालत आला. गर्दी बाजूला झाली. त्यानं तिचा हात दोन्ही हातांत घेतला. हात उबदार होते. "आपण मला मोठ्या फजितीतून वाचवलंत. कुठल्या संस्थेत असता आपण?"

"कारखान्यात. चामड्याच्या," मॉड म्हणाली. बघ, तिचे डोळे म्हणत होते, बघ ना. नाव सांगितलं असतं तर त्याला आठवलं असतं. पण आपण सांगून आठवलेलं तिला नको होतं.

"अरे वा! कातड्यालाही एन्झाइम लागतातच, नाही का," तो म्हणाला, हात सोडला आणि पाहुण्याच्या दंडाला धरून जेवायला गेला. त्याची मान तिला गर्दीत बराच वेळ दिसत होती.

लोक पांगले. दिवे मालवणारा शिपाई काठी घेऊन फिरायला लागला तरी ती तिथंच होती. सभागृहात ती मुलगी खुर्चीवर चढून तक्ते काढत होती, एकेक टाचणी काढून तोंडात धरत. सगळे काढून झाल्यावर तिनं ते गुंडाळले, सुतळी बांधली, टाचण्या डबीत ठेवल्या, आणि काखेत भेंडोळं घेऊन बाहेर आली. मॉडसमोर येऊन थांबली. ओठांवरची लाली तिनं पुसून टाकली होती.

"चहाच्या दुकानात तुम्ही होतात," ती म्हणाली. "सर तुमच्या टेबलावरून खुर्ची घेऊन आले. मला तेव्हा वाईट वाटलं होतं, तुम्ही पुढं काही बोललाच नाहीत म्हणून."

मॉडनं कोटाचं वरचं बटण लावलं.

"तुम्हाला तेव्हाच कळलं होतं. स्पिरिटचं."

"हो."

"मी पैसे द्यायला गल्ल्यापाशी उभी होते. एकटी. सर केव्हाच बाहेर गेले होते. तुम्ही माझ्या मागंच उभ्या होतात, तुमची छत्री माझ्या पायाला लागली. तेव्हा नुसतं, अगं पोरी, जरा ऐक, एवढं म्हटलं असतंत तर? मी रातोरात सगळं पुन्हा केलं असतं. मी स्वतः जाऊन सरांना सांगितलं असतं की चुकलं."

मॉड उत्तर शोधत होती. वॉर्डातल्या बायका होत्या, पण त्या उत्तरासाठी त्या दिवशीच बोलायला हवं होतं. सत्य होतं, विज्ञान होतं, सगळी मोठी माणसं वापरतात ते मोठे शब्द होते. ती एकेक उचलून बघत होती आणि खाली ठेवत होती. छत्री तिला आठवत होती. कुणाच्या तरी पायाला लागली होती, आणि ती माफ करा असंही म्हणाली नव्हती, कारण तेव्हा ती दारातून बाहेर पडणाऱ्या मानेकडे बघत होती.

"तू माझ्या ध्यानातच आली नाहीस," ती म्हणाली. तिनं आयुष्यात इतकं खरं काही कुणाला सांगितलं नव्हतं.

मुलीनं मान हलवली, हिशेब जुळल्यासारखी. "सोमवारपासून येऊ नकोस म्हणाले सर. चांगलेच बोलले. माझ्या नावे शिफारस लिहून देणार आहेत, शाळेत शिकवायला."

"पोरी, ऐक. तुझ्याआधी त्या तळघरात मीच..."

"मला तुमची गोष्ट नको," मुलगी म्हणाली. तिचा आवाज हलला नाही. "नाव सांगा तुमचं."

शिपायानं त्यांच्या डोक्यावरचा दिवा मालवला. मॉडनं नाव सांगितलं, आडनावासकट, सावकाश, जे थ्रेलफॉलच्या तोंडून ऐकायची तिनं वर्षानुवर्षं वाट पाहिली होती. मुलीनं ते ओठांतल्या ओठांत एकदा म्हणून पाहिलं. मग पुन्हा एकदा म्हटलं, विसरू नये म्हणून, आणि भेंडोळं दुसऱ्या काखेत घेऊन ती पायऱ्या उतरून गेली.